चुन्याचा ठिपका

तुळसा कळंबटे हिला हेकट म्हणा, तोंडाळ म्हणा, पान खाऊन दात लाल केलेली म्हातारी म्हणा; ती ऐकून घेई आणि वर चार शब्द ऐकवून मोकळी होई. पण तिच्या हातच्या तेलाला नाव ठेवायची छाती एकवीस वर्षांत कोणाची झाली नव्हती. म्हणून सोमवारी सकाळी मुझम्मिलशेठने तिला ऑफिसात बोलावून मोबाईलवर तेल घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीकडून आलेला व्हिडिओ दाखवला, तेव्हा ती काहीच बोलली नाही. शेठला तिच्या बोलण्याची सवय होती, गप्प बसण्याची नव्हती. त्याने तिला खुर्ची दिली.

व्हिडिओत एक मोठं भांडं होतं. त्यातलं काळपट तेल बघता बघता फुगलं, फेसाने काठ ओलांडला आणि सगळं जमिनीवर उतू गेलं. दोन कामगार मागे पळाले. खाली निरोप होता की तुमच्या तेलात पाणी मिसळलेलं आहे, आठही ड्रम परत पाठवतो आहोत, बुधवारी आमचा माणूस येऊन तुमच्यासमोर तपासणी करील, आणि पाणी निघालं तर यापुढे तुमचा माल घेणार नाही.

आता काजू म्हटला की लोकांना गर आठवतो. तो खारवलेला, भाजलेला, दिवाळीत डब्यातून आलेला. पण गराच्या बाहेर जे टरफल असतं त्याच्या पोटातही तेल असतं, आणि ते तेल गाड्यांच्या ब्रेकमध्ये आणि बोटींच्या रंगात जातं, हे खाणाऱ्यांच्या गावीही नसतं. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मुझम्मिलशेठच्या कारखान्यात पुढच्या शेडमध्ये गर निघे आणि मागच्या शेडमध्ये हे तेल. पुढच्या शेडमध्ये बाया डोक्याला टोप्या घालून बसत. मागे तुळसाचं राज्य होतं.

घाण्यातून निघालेलं कच्चं तेल म्हणजे भारी वाईट चीज. कातडीला लागलं की उततं, फोड येतात, आणि फोड गेले तरी डाग राहतो. तुळसाच्या दोन्ही हातांची बोटं तरुणपणीच काळी झाली होती. हळदीकुंकवाला ती पदराखाली हात लपवून बसायची, असाही एक काळ होता. हे कच्चं तेल मोठ्या कढईत तास-दीड तास तापवावं लागतं. तापलं की त्याला फेस येतो, तो चांगला हातभर चढतो, आणि तेव्हा आच सांभाळणाऱ्याची परीक्षा असते. मग हळूहळू फेस बसतो, तेल शांत होतं, त्याचा उग्र वास मवाळतो. त्या शांत तेलाला पुण्याचे लोक पैसे देतात.

तेल झालं की नाही हे ओळखायची तुळसाची स्वतःची रीत होती. कुंपणाजवळच्या फणसाचं एक पान घ्यायचं, त्यावर तेलाचा थेंब टाकायचा, आपल्या पानाच्या डबीतला चिमूटभर चुना काडीने त्यात कालवायचा. तेल कच्चं असेल तर चुना लागताच ते घट्ट होऊन त्याची गोळी धरते. पुरं कढलेलं असेल तर चुना नुसता पसरतो, गोळी धरत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. नवी होती तेव्हा एकदा चुन्याचं बोट चुकून तेलाच्या थेंबात गेलं, आणि तुळसा अशी बाई की एकदा पाहिलेलं विसरत नाही. थेंब पास झाला की ती तेच चुन्याचं बोट ड्रमच्या झाकणावर टेकवी. पांढरा ठिपका उठला म्हणजे माल पुरा. भट्टी सांभाळणारा काशीराम चेष्टेने म्हणे की अख्ख्या पुण्याला चुना लावणारी एवढी एकच बाई रत्नागिरीत आहे. पण ठिपका नसलेल्या ड्रमला त्यानेही कधी हात लावला नाही.

मग चार महिन्यांपूर्वी नाझिया आली. शेठच्या बहिणीची मुलगी, इथल्याच राजिवड्यात वाढलेली, मुंबईत एमएस्सी करून परतलेली. मामाने तिला खिडकी असलेली खोली दिली, तिची लॅब झाली. मुलगी गुणी होती, हे तुळसानेही पहिल्याच आठवड्यात मान्य केलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येई, कामगारांना अहो-जाहो करी, तेलाची घनता, चिकटपणा, आम्लता असं काय काय मोजून कागदावर लिही. परदेशी मालासाठी कसलंसं सर्टिफिकेट हवं होतं, त्याच्या अटीप्रमाणे तिने फाटकावर पाटी लावली: पान, तंबाखू, चुना आत आणू नये. तुळसाची पितळी डबी त्या दिवसापासून वॉचमनच्या खणात बसू लागली.

कढईलाही नाझियाने नवा थर्मामीटर बसवला. आकडे दाखवणारा. एकशे ऐंशीवर आकडा गेला की तिथून एक तास, मग उतरवायचं. तुळसाला तो आकडा आवडला होता, खोटं कशाला बोला. चौथीपर्यंत शाळा झालेल्या बाईला असं लाल अक्षरात उत्तर मिळालं की बरं वाटतं. चुना नाही तर नाही, म्हणून झाकणावर ती पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका देऊ लागली.

आणि म्हणूनच त्या सोमवारी ती गप्प होती. पाणी मिसळल्याचा आळ धडधडीत खोटा होता, त्यावर ती शेठचं ऑफिस दणाणून सोडू शकली असती. पण आठवा ड्रम तिला आठवत होता. माल पुण्याला गेला त्या शनिवारी कढईतलं तेल ढवळणाऱ्या पंख्याचा पट्टा तुटला. बाहेर ट्रक उभा होता, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. थर्मामीटर एकशे ऐंशी दाखवत होता, तासही भरला होता. पण कढईच्या एका बाजूला फेस अजून उठत होता, आणि वास तिच्या नाकाला झोंबत होता. हात सवयीने कमरेला गेला. डबी फाटकावर होती. काशीरामने विचारलं, उतरवू का, आणि तुळसाने एकदा फेसाकडे पाहिलं, एकदा आकड्याकडे. मग मान हलवली आणि झाकणावर पेंटचा ठिपका दिला.

जे केलं नव्हतं त्याचा आळ आला होता, आणि जे केलं होतं ते कोणी विचारत नव्हतं. दोन दिवस तिने पान खाल्लं नाही. घरी सुनेने विचारलं तर तिच्यावरच डाफरली.

बुधवारी दहाच्या सुमारास पुण्याचा माणूस आला. संदेश त्याचं नाव, वय असेल तिशीचं, मूळचा चिपळूणचाच निघाला. बोलायला सभ्य होता, पण कामात चोख. परत आलेले आठही ड्रम त्याने स्वतः मोजले, फेस आलेल्या आठव्या ड्रममधला नमुना स्वतः काढला आणि लॅबमध्ये नाझियाच्या टेबलाशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. मुझम्मिलशेठ दारात. काशीराम आणि तुळसा खिडकीपाशी. शेठने तुळसाला बाहेर थांब म्हणून सुचवून पाहिलं होतं, पण ती हलली नाही.

नाझियाने काचेच्या चंबूत तेल घेतलं आणि खाली आच लावली. ती न बिचकता सांगत होती. तेलात पाणी असेल तर ते शंभरच्या पुढे वाफ होऊन निघेल, तडतडेल, आणि वाफ थंड होऊन या उभ्या नळीत थेंब थेंब जमेल. नळीवर खुणा आहेत, किती पाणी ते वाचता येईल. सगळे नळीकडे बघत राहिले. शंभर झाले. एकशे दहा, एकशे वीस. तडतड नाही. नळीला आतून थोडा ओलावा धरला, पण पहिल्या खुणेपर्यंत पोहोचेल इतकंही पाणी जमलं नाही. आणि दीडशेच्या आसपास, पाण्याचा काही संबंध नसताना, तेलाला बारीक फेस यायला लागला. व्हिडिओतल्यासारखाच.

संदेशने विचारलं, पाणी नाही तर मग हा फेस कशाचा. नाझिया म्हणाली की वायूचा असणार. कच्च्या तेलात एक आम्ल असतं, ते तापलं की फुटतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साईड निघून जातो, आपण श्वासातून सोडतो तोच वायू. तो चुन्याच्या निवळीतून सोडला की निवळी दुधासारखी होते. ते दाखवलं की वाद मिटेल. एवढं बोलून ती कपाटाकडे वळली, आणि तिचा चेहरा उतरला. लॅबमध्ये चाळीस बाटल्या होत्या. चुना नव्हता.

"काशीराम," तुळसा म्हणाली, "फाटकावर जा. माजी डबी घेऊन ये."

चार महिन्यांनी ती डबी पाटी ओलांडून आत आली. नाझियाने त्यातला चुना पाण्यात कालवला, कागदातून गाळून स्वच्छ निवळी केली, चंबूच्या तोंडाला रबरी नळी जोडून तिचं टोक निवळीत बुडवलं. बुडबुडे आले. मिनिटभरात निवळी गढूळली, मग पांढरीफटक झाली. शेठने सुटकेचा निःश्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू आला.

संदेश प्रामाणिक गृहस्थ होता. पाण्याचा आळ आपण मागे घेतो, असं त्याने लगेच सांगितलं. वर हेही म्हणाला की झाडापासून आलेलं तेल आहे, थोडा वायू राहणारच, आमच्याच माणसाने आच एकदम वाढवली असेल. मी तसा रिपोर्ट देतो. शेठने चहा आणि नानकटाई सांगितली. काशीरामने तुळसाला हळूच कोपराने ढोसलं, म्हणजे सुटलो. खरोखरच सुटली होती ती. नुसतं उभं राहायचं होतं, चहा येईपर्यंत.

 एकवीस वर्षांची इभ्रत समोरच्या टेबलावर परत आणून ठेवलेली, आणि ती उचलून घ्यायला तुळसाचा हात होत नव्हता.

"रिपोर्ट लिवू नका आजून," ती म्हणाली. "पानी नव्हतं ह्यात, त्ये तुमी बघितलंत. पन तेल पुरं झालेलं नव्हतं. पुरं झालेलं तेल आसा फेस काढीत नाय. आठवा डरम मी कच्चा उतरवलाय."

दारात चहाचा ट्रे घेऊन आलेला माणूस तिथेच थबकला. शेठ म्हणाला, तुळसाबाय, तुमी दमलाव, बसा. नाझियाने वही उघडली, त्या शनिवारचं पान काढलं. एकशे ऐंशी अंश, एक तास. ती हळूच म्हणाली की नोंद बरोबर आहे.

"आकडा बरोबरच व्हता, बाय," तुळसा म्हणाली. "तेल बरोबर नव्हतं. मला दिसत व्हतं, आनि मी आकड्याकडं बघून मान हलवली."

मग तिने काशीरामला फणसाची दोन पानं आणायला लावली. एकावर आठव्या ड्रममधला थेंब, दुसऱ्यावर तिसऱ्या ड्रममधला. दोन्हीत तिने डबीतला चुना काडीने कालवला. तिसऱ्या ड्रमचा थेंब नुसता पसरला, तपकिरी पाण्यात पीठ विरावं तसा. आठव्याचा थेंब काडीला चिकटला, घट्ट झाला, आणि तिने दोनदा काडी फिरवली तशी त्याची गोळी होऊन पानावरून घरंगळली. संदेशने ती उचलायला हात पुढे केला. उतेल हाताला, म्हणून तुळसाने त्याला दटावलं.

नाझिया पानांकडे बघतच राहिली. तेलातलं आम्ल आणि चुना एकत्र आले की न विरघळणारा क्षार तयार होतो, एवढं तिला पाठ होतं. एमएस्सीला याच रीतीने तिने ते आम्ल तेलातून वेगळं काढलं होतं. त्याला चार तास, तीन द्रावणं आणि एक प्राध्यापक लागले होते. तिच्या नाकासमोर मागच्या शेडमध्ये एक बाई हे काम अर्ध्या मिनिटात फणसाच्या पानावर करत होती, आणि ते तिने कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कुठून, डबी तिनेच फाटकावर ठेवायला लावली होती.

तिने चहा घेतला नाही. सरळ मागच्या शेडमध्ये गेली, आणि सगळे तिच्या मागोमाग. थर्मामीटरची दांडी कढईच्या भट्टीकडच्या भिंतीला लागून बांधलेली होती. तिथेच सोयीचं होतं म्हणून नाझियाने स्वतः बांधली होती. तिने काशीरामला तेल तापवायला सांगितलं, पंखा मुद्दाम बंद ठेवला, आणि एक दांडी भिंतीपाशी ठेवून लॅबमधली दुसरी कढईच्या मध्यात धरली. भिंतीपाशी एकशे ऐंशी. मध्यात एकशे बेचाळीस. पंखा फिरत असताना हा फरक पडत नव्हता. त्या शनिवारी पंखा बंद होता.

"चूक माझी आहे, मावशी," नाझिया सगळ्यांसमोर म्हणाली. "दांडी मी चुकीच्या जागी बांधली."

"दांडी तुजी," तुळसा म्हणाली. "ठिपका माजा हाय."

 काशीराम भट्टीत लाकूड सारायला वाकला. संदेश म्हणाला की मावशी, तुम्ही गप्प राहिला असतात तर मी चहा घेऊन निघून गेलो असतो. तुळसाने त्याला विचारलं की मग आता चहा घेणार नाही का. तेव्हा कुठे माणसं हसली.

जायच्या आधी संदेशने उरलेल्या सातही ड्रमचे थेंब तुळसाकडून पानावर तपासून घेतले. एकाचीही गोळी धरली नाही, आणि ते सातही त्याने तिथेच पास केले. आठवा पुन्हा कढवून द्यायचा ठरला. रिपोर्टमध्ये त्याने खरं ते लिहिलं, पंखा, दांडी, सगळं. आणि गाडीत बसताना शेठला म्हणाला की यापुढे पेंटचा ठिपका चालणार नाही. झाकणावर चुन्याचा ठिपका नसेल तर पुण्यात ड्रम उतरवून घेणार नाही. शेठने मान डोलावली. तुळसा मागे उभी होती. तिचा ऊर भरून आला होता आणि तो लपवायला तिने पदर खोचल्यासारखं केलं, पण काशीरामने पाहायचं ते पाहिलं.

शुक्रवारी नाझियाने भिंतीवर नवा तक्ता लावला. तेलाचे गुणधर्म, असं वर ठळक अक्षरात. खाली ओळीने रंग, वास, घनता, चिकटपणा, आम्लता, पाण्याचा अंश, आणि प्रत्येकापुढे किती असावं तो आकडा. शेवटची ओळ हाताने वाढवलेली होती. तुळसा चष्मा लावून ती एक एक अक्षर जुळवत वाचू लागली. चुन्याची परीक्षा: गोळी धरू नये. परीक्षा घेणार: श्रीमती तुळसा कळंबटे. तिने ती ओळ दोनदा वाचली. मग आपली काळी बोटं त्या ओळीवरून फिरवली, आणि ती लपवावीत असं तिला वाटलं नाही.

पितळी डबी आता नाझियाच्या कपाटात चाळीस बाटल्यांच्या रांगेत एक्केचाळिसावी बसली होती. तिच्यावर रीतसर चिठ्ठीही होती. तुळसाने सवयीने पानाला चुना लावायला ती उचलली, तर पोरीने हातातून काढून घेतली. हा आता लॅबचा चुना, खायचा नाही; खायचा फाटकावर ठेवा. तुळसाने तिला चार शब्द ऐकवले आणि संध्याकाळी बाजारातून दुसरी डबी आणली.

शनिवारी आठवा ड्रम पुन्हा कढईत गेला. पट्टा नवा होता, पंखा फिरत होता, दांडी मधोमध होती. आकडा एकशे ऐंशीवर गेला, तास भरला. काशीराम झडपेवर हात ठेवून थांबला. नाझिया वही उघडून थांबली. कोणी आकड्याकडे बघत नव्हतं, सगळे तुळसाकडे बघत होते. तिने फेस पाहिला, वास घेतला, फणसाच्या पानावर थेंब टाकून काडी फिरवली. थेंब पसरला.

"आता उतरव," ती म्हणाली.

ड्रम भरला, झाकण बसलं. नाझिया हातमोजा काढून पुढे आली आणि तिने विचारलं की मावशी, आजचा ठिपका मी देऊ का.

"नाय," तुळसा म्हणाली. "धा कढ माज्याबरोबर उभी राहा आधी."

आणि तिने बोट चुन्यात बुडवून झाकणावर टेकवलं. नाझियाने वहीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं: कढ पहिला.